सराय पाडायची कोणी?

नोकरीतली कितीतरी प्रकरणे विसरलो, पण नांदुऱ्याची ती चौकशी मनातून जात नाही. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेले होते आणि मी नांदुऱ्याला ठाणेदार होतो. स्टेशनच्या रस्त्यावरची जुनी सराय मोडकळीस आली होती. मागे दाट वस्ती, पुढे कापसाच्या गाड्यांची वर्दळ. पाडताना एखादी भिंत भलतीकडे कलली असती तर माणसे मेली असती. तहसीलदारांनी पाडकामासाठी एक तरुण ठेकेदार निवडला आणि त्याची चौकशी ठाण्याकडे सोपवली.

सकाळची हजेरी आटोपत होती, तोच त्या तरुणाचा उस्ताद ठाण्यात आला. एके काळी या भागातले सगळे पाडकाम याच म्हाताऱ्याकडे असे.

"साहेब, पोरगा माह्याच हाताखालचा हाये," तो म्हणाला. "पन सोनाळ्यात त्याच्या कामावर भिंत पडली, बाईचा पाय गेला. त्याले सराय देऊन राह्यले, मंग मुडदे उचला."

खबर खरी होती. तरीही बोलताना तो पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीवर येई: लोक आता चेल्यालाच बोलावतात. मी रोजनामच्यात नोंद केली आणि जमादाराला घेऊन सोनाळ्याला गेलो.

ती मजूर बाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. कुबडी बाजूला टेकवलेली.

"ठेकेदाराची चूक होती का, बाई?"

"कायची चूक? त्यानंच तर मले ओढून काढलं. सकाळी उस्तादबी आले होते. टेकूपाशी वाकून पाहून राह्यले होते."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"मले वाटलं, चेल्याचं काम तपासून राह्यले. त्यात सांगासारखं काय?"

परतल्यावर मी उस्तादाला बोलावले, चहा दिला. दमदाटी केली नाही. फक्त चेल्याची तारीफ करत राहिलो. हात किती सफाईदार, मजूर किती मानतात, तहसीलदारसाहेब किती खूश. म्हाताऱ्याच्या कपाळावरची शीर उडू लागली.

"सोनाळ्याची भिंतसुद्धा नशिबानेच पडली असेल," मी म्हणालो.

"नशीब काहून?" तो ओरडला. "टेकूखालची पाचर निघाली, हे त्याले दिसलं नाही! असा कायचा कारागीर?"

पाचरीचा शब्द तोवर कोणीच काढला नव्हता. जमादाराने लिहिता हात थांबवला. उस्तादाच्याही ते ध्यानात आले.

"पाचर कोणी काढली?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "मी काढली. माह्या समोर गावाचा पाटील त्याले उस्ताद म्हणे, साहेब. मले कोणी बस म्हणलं नाही."

पुढे मॅजिस्ट्रेटसमोरही त्याने हेच सांगितले; खटला उभा राहीपर्यंत त्याला आमच्याच हवालातीत ठेवले. चेल्याला कळवले तेव्हा तो पागोटे काढून मांडीवर घेऊन बसून राहिला. सरायीचे काम त्यालाच मिळाले.

काम संपले त्या दिवशी मी हवालातीत डोकावलो. उस्ताद गजांपाशी आला.

"सरायीची कमान कशी उतरवली त्यानं?"

"वरून, एकेक दगड सोडवत. रस्त्यावर खडासुद्धा आला नाही."

"मीच शिकवलं त्याले," म्हणत त्याने तोंड फिरवले.

भुकेने चोरी करणारे मी पाहिले, रागात कुऱ्हाड उचलणारेही पाहिले. शुद्धीवर आले की हे कुऱ्हाडवालेही आधी विचारत, तो माणूस जगला का? मत्सराला मात्र शुद्ध येत नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो. त्याची नजर एकाच माणसावर खिळलेली असते. मध्ये कोण चिरडले, हे त्याला दिसत नाही. म्हातारा माझ्या ठाण्यात होता तोवर रोज चेल्याच्या कामाची चौकशी करी. सोनाळ्याची ती बाई कशी आहे, हे त्याने एकदाही विचारले नाही.