घोंगडीवर बसून बोला

"मेंढरं हाकणारे आता तालुका हाकाया निघालेत!"

प्रचारसभेत साहेब माईकवर असं बोलले आणि अख्खा मांडव हसला. साहेब निवडणुकीला उभे होते आणि त्यांच्यासमोर आमच्या जातीचा उमेदवार होता. माझे अप्पा तेव्हा स्टेजवरच होते. साहेबांपासून हातभर अंतरावर. दोन्ही हातांवर घडी घातलेली नवी घोंगडी. त्यांना साहेबांचा सत्कार करायला वर बोलावलं होतं आणि भाषण आटपायची ते वाट बघत उभे होते.

हसणं थांबेना. साहेबांना चेव आला. म्हणाले, "ह्यांनी बटन दाबलं की मशीन धुवून घ्यावं लागंल. वास जात न्हाई लवकर." कुणीतरी शिट्टी मारली. मग साहेबांची नजर अप्पांवर गेली. त्यांनी अप्पांच्या पाठीवर थाप मारली. "ह्यो म्हादबा मात्र चांगला हाय. ह्येला आपली पायरी कळती."

लगेच निवेदकानं पुकारा केला, आता धनगर समाजाच्या वतीनं साहेबांचा सत्कार. अप्पांनी घोंगडी उलगडली. सवयीनं त्यांनी ती साहेबांच्या खांद्यावर नीट बसवली, काठ सरळ केला. कुणीतरी साहेबांच्या हातात धनगरी काठीही दिली. फोटो निघाला.

मी खाली बायकांच्या खुर्च्यांत बसले होते. बीडच्या दवाखान्यातून सुट्टी काढून आले होते, तिथं मी नर्स आहे. माय मेंढरांपाशी थांबली होती, तिला दाखवायला म्हणून अप्पांनीच मला मोबाईलवर शूटिंग करायला सांगितलं होतं. मी ते करत राहिले. बंद करायचंही सुचलं नाही मला.

ती घोंगडी आमच्या काळ्या मेंढ्यांच्या लोकरीची होती. सूत अप्पांनी स्वतः काढलं होतं. विणून आणल्यावर तिला चिंचोक्याची खळ दिली होती, तो वास चार दिवस घरात होता. एवढं कशाला, असं मी विचारलं होतं. अप्पा म्हणाले होते, "घोंगडी अंगावर घिऊन कुनी बेइमानी करत न्हाई. एकदा घेतली की मानूस आपला झाला."

हे त्यांचं भोळेपण नव्हतं, आमच्यात रीतच तशी आहे. दोघांत भांडण झालं की पंच घोंगडी अंथरतात, वर भंडारा उधळतात. तिच्यावर बसून खोटं बोलायचं नाही. बोललेलं फिरवायचं नाही. जमिनीची भांडणं, सोयरिकीची भांडणं आमच्या आज्यानं अशी मिटवली आहेत. अप्पांना वाटलं, साहेबांनाही हे माहीत असणार. साहेबांना फक्त फोटो माहीत होता.

अप्पा तिथं गेले होते ते आबांच्या शब्दावर. आबा म्हणजे चौसाळ्याजवळचे बागायतदार, साहेबांच्या जातीचे. जातीचं नाव लिहीत नाही. बीड जिल्ह्यात आता नाव लिहायची गरज राहिलेली नाही, माणूस आडनावावरून आधी दुश्मन ठरतो आणि मग त्याची ओळख होते. तर आबा. आमच्या आज्यापासून आमची मेंढरं त्यांच्या रानात बसायची. सोयाबीन निघालं, वावर मोकळं झालं, की अप्पा तिथं वाघर लावायचे, म्हणजे जाळीचं कुंपण. कळप रात्रभर त्यात. लेंडीचं खत त्यांच्या जमिनीला, आणि आम्हाला जोंधळे, विहिरीचं पाणी, मेंढरांना बांधावरचा पाला. आमचं वर्ष त्याच्यावर उभं होतं. आबांच्या घरातल्या काकू मला त्यांच्या ओसरीवर बल्बाखाली अभ्यासाला बसवायच्या. डोक्याला तेल लावून द्यायच्या. मी दहावी झाले ती त्या ओसरीवर.

त्या दिवशी आबा पहिल्या रांगेत होते. साहेबांनी वासाचं काढलं तेव्हा मी आबांकडे बघितलं. आबा हसत होते. फार नाही, पण हसत होते. साहेबांचं बोलणं मी एक वेळ गिळलं असतं. आबांचं हसणं अजून गिळता आलेलं नाही.

घरी आलो. मायनं विचारलं, "कसा झाला कार्यक्रम?" ते म्हणाले, "चांगला झाला." आणि मेंढरांकडे गेले. मायला दाखवायचा तो व्हिडिओ मी दाखवला नाही.

पण व्हिडिओ काय माझ्या एकटीकडे होता? दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या मोबाईलवर होता. साहेबांच्या पोरांनी त्याला गाणं लावलं, आमच्या पोरांनी त्याला शिव्या लावल्या. दवाखान्यात एका म्हातारीला सलाईन लावायला गेले तर तिच्या मुलानं विचारलं, "सिस्टर, आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाला तरी पाठवा." माझ्या हातात सुई होती. म्हातारीनं हात पुढं केलेला होता, तो मुलानं मागं घेतला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जाऊ दे, निवडणुकीपुरतं आहे. बिल्ल्यावरच्या आडनावावर पट्टी लाव." मी लावली. दोन दिवसांनी आमच्या जातीचा एक पेशंट आला. त्यानं पट्टी बघितली, हळूच आडनाव विचारलं आणि खूश झाला. "आपलीच हाय व्हय! मंग टोचा बिनधास्त." मी सुई टोचली. बाहेर येऊन रडले. त्या नकारापेक्षा हा होकार मला जास्त जड गेला, का ते तेव्हा कळत नव्हतं.

सोयाबीन निघालं. आबांच्या मुलाचा निरोप आला, यंदा मेंढरं आणू नका. अप्पांना खरं वाटेना. म्हणाले, आबानं सांगितलं नाही ना, मग झालं. ते कळप घेऊन गेलेच. माझी सुट्टी होती, मीही सोबत होते. आबा बांधावर आले. आत या म्हणाले नाहीत.

"म्हादू, तुझं माझं काय वाईट न्हाई. पर पोरं ऐकत न्हाईत. यंदा नगं."

"आबा, कावून नगं? म्या तर घोंगडी टाकली साह्यबाच्या अंगावर. तुमीच म्हनलाव म्हनून."

"व्हय. पर मत तू तुझ्याच मान्साला देनार, हे लोकांला कळतंय ना."

मेंढरं बांधाला तोंड लावून उभी होती, त्यांना वर्षानुवर्षांची वाट माहीत होती. ती मागं फिरेनात. अप्पांना त्यांना काठीनं वळवावं लागलं. स्वतःच्या मेंढरावर त्यांनी काठी उगारलेली मी पहिल्यांदा बघितली. लांब घराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली नाही.

आम्ही हायवेच्या कडेला गायरानावर राहिलो. तिथं ना पाणी ना आडोसा. आणि तिथंच माझा चुलतभाऊ बाळू मोटारसायकलवर आला. आमच्या जातीचे उमेदवार, आमचे नेते, त्यांची सभा होती.

"अप्पा, तितं तुमची इज्जत घालवली ना त्यांनी? आता आपल्या स्टेजवर या. घोंगडी घिऊन या. काय काय झालं ते माईकवर सांगा."

अप्पा म्हणाले, "बाळ्या, मला न्हाई बोलायचं कुठं."

"त्यांच्या अंगावर टाकली आन् आपल्या मान्साच्या अंगावर न्हाई टाकत म्हनता? समाज काय म्हनंल? ह्या गायरानावर बी कोन बसू देईल का मंग?"

तो गेल्यावर अप्पांनी ट्रंकेतून आपली स्वतःची घोंगडी काढली. आज्याची ती. जिच्यावर पंच बसायचे. झटकली, घडी घातली. मला म्हणाले, "तिकडून बी हाकललं, आता हिकडून बी हाकलतील. जायचं कुटं, बाई?" माझ्या बापाला मी इतकं एकटं कधी बघितलं नव्हतं.

सभेला मी सोबत गेले. या वेळी स्टेजवरही गेले, अप्पांचा हात धरून. आमचे नेते बोलायला उठले. पहिल्यांदा मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. ते म्हणाले, आपल्या बापाचा अपमान झाला, तो आपल्या सगळ्यांचा झाला. मला हुंदका आला. मग त्यांचा आवाज चढला. "त्यांच्या वावरात मेंढरू घालंल तो आपल्या रक्ताचा न्हाई! त्यांच्या दुकानात जाईल त्याचं तंगडं मोडा!" पोरं ओरडायला लागली. आणि मग ते त्या जातीच्या बायकांवर घसरले. काय म्हणाले ते मी लिहीत नाही. सगळ्या बायका म्हणाले, म्हणजे त्यात काकूही आल्या. माझ्या डोक्याला तेल लावणारे हात आले. मांडव हसला. तेच हसणं. अगदी तेच, शिट्टीसकट. पहिल्या रांगेत बाळू हसत होता, आबा हसले होते तसा.

तेव्हा मला सलाईनचं कोडं सुटलं. माझा हात झिडकारणारा आणि माझा हात निवडणारा, दोघांनी माझं आडनावच बघितलं होतं. दुखणं कुणीच बघितलं नव्हतं.

निवेदकानं पुकारा केला. अप्पा उठले. मी त्यांच्या हातातून घोंगडी घेतली.

ती मी नेत्याच्या खांद्यावर टाकली नाही. स्टेजवर, माईकच्या समोर, खाली अंथरली. अप्पांच्या कनवटीला भंडाऱ्याची पुरचुंडी असते, ती मागून घेतली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि दिली. भंडारा मी घोंगडीवर टाकला. आमच्यात पंचांच्या बैठकीत बाया मागं बसतात. मी पुढं उभी होते.

मी नेत्यांना म्हणाले, "खांद्यावर न्हाई. खाली बसा. आत्ता बायांचं जे बोललाव, ते हिच्यावर बसून बोला."

माईक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं. नेते आमच्यातलेच, त्यांना रीत पक्की माहीत. त्यांचा एक पाय पुढं आला आणि घोंगडीच्या काठाशी थांबला. ते हसले, पण ओठ सुकले होते. "पोरगी शिकलेली हाय," म्हणाले. कुणीतरी डीजे लावला. बाळूनं माझा दंड धरून मला खाली ओढलं. "डोकं फिरलं का बे हिचं?" असं कुणीतरी ओरडलं. अप्पांनी मात्र वाकून घोंगडी उचलली, भंडारा झटकला नाही, तशीच घडी घातली आणि माझ्या मागोमाग खाली उतरले.

त्या दिवसापासून आम्ही समाजातून तुटलो. वाळीत टाकलं असं कुणी म्हणत नाही, आता तसं म्हणायला कायदा आडवा येतो. फक्त लग्नाचं आवतन येत नाही आणि गायरानावर आमच्या कळपाला जागा मिळत नाही. निम्मा कळप मामाकडे सिरसाळ्याला ठेवलाय. माय तिकडे, अप्पा इकडे.

याहून वाईट पुढंच होतं. स्टेजवरचा माझा व्हिडिओ साहेबांच्या माणसांनी कापून फिरवला. खाली लिहिलं, बघा, त्यांचीच पोरगी त्यांचं तोंड बंद करते. आबांच्या मुलानं तो स्टेटसला ठेवला. निरोपही पाठवला, मेंढरं आणा आता, जागा मोकळीच आहे.

अप्पा तो निरोप ऐकून माझ्याकडे बघत राहिले. त्यांचं वर्ष त्या वावरावर होतं. माय परत आली असती. मी म्हणाले, "चला, जाऊ. पर मेंढरं नगं. घोंगडी घ्या."

आबांच्या अंगणात मी ती अंथरली. भंडारा टाकला. आबा बाहेर आले, मागं काकू आल्या.

"आबा, साह्यबांनी वासाचं काढलं तवा तुमी हसलाव. हिच्यावर बसून सांगा, आमचा वास येतो का तुमाला. येत आसंल तर येतो म्हना. आमी जातो."

आबांनी सवयीनं पायातली वहाण काढली. आमच्या आज्याच्या घोंगडीपुढं ते आयुष्यभर वहाण काढतच आले होते. मला वाटलं बसतील. माझा जीव पार डोळ्यांत आला होता. ते अनवाणी उभे राहिले. घोंगडीकडे बघत. मग म्हणाले, "म्हादू, पोरीला आवर." आणि वहाण परत पायात घातली. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्याही पुढं आल्या नाहीत.

अप्पा म्हणाले, "न्हाई आबा. तिला आवरायचं काम माझं न्हाई." बस, एवढंच. आम्ही घोंगडी उचलली आणि निघालो. मेंढरं त्या वावरात बसली नाहीत. आता बसणारही नाहीत.

दवाखान्यातल्या बिल्ल्यावरची पट्टी मी काढून टाकली आहे. आडनाव विचारलं की मी दुखतंय कुठं ते विचारते. ज्याला माझा हात नको, त्यानं थांबावं. ज्याला आडनावासाठी हवा, त्यानंही थांबावं.

पुन्हा प्रचार येईल. पुन्हा कुणीतरी मोटारसायकलवर येईल आणि म्हणेल, घोंगडी आणा. आज्याची घोंगडी मी खळ देऊन, उन्हात वाळवून ठेवली आहे. आमच्या घरातली घोंगडी यापुढं कुणाच्याही खांद्यावर चढणार नाही, ना त्यांच्या, ना आमच्या. ती जमिनीवर अंथरली जाईल. ज्याला माझ्या बापाचं मत पाहिजे त्यानं वहाण काढावी, खाली बसावं आणि मग तोंड उघडावं.