सातपुड्याकडे बघणारा विळा

उखर्डू पहाटे लोकांच्या बागेत केळी कापायचा आणि अकरा वाजल्यापासून ज्युनियर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये शिपाई असायचा. गाव रावेर तालुक्यातलं. लॅबच्या खिडक्या उत्तरेला, त्यातून सातपुडा दिसायचा. उखर्डूचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण बारा वर्षांत बारावीचे सगळे प्रयोग त्याच्या हातात बसले होते. वायरींची टोकं पॉलिश पेपरने घासल्याशिवाय तो वायरी मुलांच्या हातात देत नसे. घासलेलं आणि नुसतं पुसलेलं यातला फरक यंत्राला कळतो, असं तो म्हणायचा.

त्याचा जीव टँजंट गॅल्व्हानोमीटरवर. एक उभं गोल कडं, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे आणि मधोमध काचेच्या डबीत चुंबकाची सुई. आधी कडं सुईच्या रेषेत आणायचं, मग तारेतून वीज सोडायची आणि सुई किती अंश वळली ते वाचायचं. लोखंड जवळ आलं की सुई फसते. म्हणून एका दिवाळीच्या सुट्टीत त्याने त्या टेबलाचे सगळे लोखंडी स्क्रू काढून पितळी बसवले होते. सायकलच्या किल्ल्या, कंपासपेट्या, मुलींच्या केसांच्या पिना तो दाराशीच टोपलीत ठेवून घ्यायचा. मुलं त्याला जकातवाले नाना म्हणायची. तो रागावत नसे. टोपली मात्र पुढे करायचा.

दुपारी लॅब रिकामी झाली की तो त्या सुईसमोर बसायचा. डबीला हलकी टिचकी मारली की सुई थरथरायची, इकडे तिकडे व्हायची आणि पुन्हा सातपुड्यातल्या त्याच एका खिंडीकडे बघत स्थिर व्हायची. रोज तीच खिंड. पावसाळ्यात डोंगर ढगात बुडालेला असला तरी सुईला खिंड सापडायची. उखर्डूला वाटायचं, माणसाला आतून असं काही असतं तर किती बरं झालं असतं.

फिजिक्सचे अभिमन सर एकदा वर्गात शिकवत होते, की पोलादावर चुंबक एकाच दिशेने घासत राहिलं तर पोलादही चुंबक होतं. उखर्डू मागे उभा राहून ऐकत होता. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्याने आपल्या केळी कापायच्या विळ्यावर लॅबमधलं पट्टीचुंबक घासलं. मुठीपासून टोकापर्यंत, पुन्हा मुठीपासून. शंभरावर थांबणं त्याला कामचुकारपणा वाटला. पाचशे मोजून तो थांबला.

मग तो विळा घेऊन केळीच्या बागेत गेला. दाट बागेत आत वारा शिरत नाही. उजेड हिरवा, पायाखाली ओली माती. एका पानाच्या दांड्याला रेशमी दोऱ्याने त्याने विळा आडवा टांगला. विळा सावकाश फिरला, मागे आला, जरा घुटमळला आणि टोक उत्तरेला करून थांबला. बागेतून डोंगर दिसत नव्हता, पण तिकडेच तो होता. उखर्डू किती वेळ बघत बसला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. शेवटी त्याची बायको झुंबरबाई शोधत आली.

“विळा कापाले असतो का झोका द्याले?” ती म्हणाली.

त्यानंतर काम संपलं की थोडा वेळ विळा टांगायचा, हे त्याचं नेमाचं झालं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक भुसावळहून लवकरच्या गाडीने आले आणि उखर्डूला थेट बागेतून बोलावणं गेलं. तो धावत आला. कमरेला विळा. असा परीक्षकांसमोर कसा जाणार, म्हणून हाताशी आला तो ड्रॉवर ओढून त्याने विळा आत सरकवला आणि बॅटऱ्या आणायला पळाला.

मुलांनी चिठ्ठ्या उचलल्या. टँजंट गॅल्व्हानोमीटर कुंदाला आला. कुंदा निंबा चौधरींची मुलगी. तिला जळगावला पुढे शिकायला जायचं होतं, पण नापास झाली तर शिक्षण बंद, असं निंबाभाऊंनी सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं. लेखी पेपरांची तिला धास्ती होती. तिची भिस्त या प्रॅक्टिकलवर होती. ती मान खाली घालून काम करत होती. वीज उलटसुलट सोडून घेतलेली दोन्हीकडची रीडिंग जुळत होती, म्हणून खुशीत होती.

परीक्षा संपायला अर्धा तास उरला तेव्हा उखर्डू पाण्याचा जग घेऊन आत आला. त्याची नजर कड्यावर गेली आणि पाय थांबले. कडं खिंडीकडे बघत नव्हतं. ते दाराच्या कोपऱ्याकडे वळलेलं होतं. कुंदाने काही चुकवलं नव्हतं. तिने सुईच्या रेषेतच कडं लावलं होतं. सुईच फसली होती.

आणि मग त्याला ड्रॉवर आठवला.

विळा गुपचूप काढून घेता आला असता. पण सुई मध्येच जागा सोडेल आणि पोरीची उरलीसुरली रीडिंगही वाया जातील. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. उत्तर मात्र चुकणार होतं, आणि परीक्षकांच्या कागदावर त्या यंत्राचं खरं उत्तर लिहिलेलं होतं. परीक्षेच्या वेळी शिपायाने तोंड उघडायचं नाही, हा नियम होता. बारा वर्षं त्याने तो पाळला होता. त्याने जग खाली ठेवला आणि तो परीक्षकांसमोर जाऊन उभा राहिला.

“साहेब, त्या पोरीचं चुकलं नही. टेबलात माहा विळा हाये. त्याले चुंबक म्याच केलं.”

ज्याने पिना काढून घेतल्या होत्या, त्याचाच हातभर विळा परीक्षकांनी ड्रॉवरमधून बाहेर काढला. तो दूर नेताच सुई डबीत गर्रकन फिरली आणि खिंडीकडे बघत थांबली. मागून एक पोरगं हसलं, पण अभिमन सरांनी बघितल्यावर गप्प झालं.

परीक्षकांनी कुंदाला वीस मिनिटं वाढवून दिली. तिने कडं पुन्हा लावलं. उखर्डू भिंतीशी उभा होता, डोळे मिटून. त्याला फक्त प्लग घातल्याचा, काढल्याचा आवाज येत होता. अठराव्या मिनिटाला तिने पेन खाली ठेवलं.

जाताना परीक्षक त्याला इतकंच म्हणाले, की शिपायाकडून अशी चूक होऊ नये. ते खरंच होतं. उखर्डूने मान हलवली. मग सरांना त्याने विचारलं, की विळ्यातलं चुंबक निघतं कसं. लालबुंद तापवलं की जातं, सर म्हणाले.

त्याच संध्याकाळी लोहाराने विळा तापवला आणि पुन्हा धार धरण्याजोगा कडक करून दिला. सकाळी बागेत उखर्डूने तो त्याच दोऱ्याला टांगला. विळा फिरत राहिला. कधी भुसावळकडे, कधी गावाकडे. कुठे थांबायचं ते त्याला आता कळत नव्हतं. जूनमध्ये कुंदाची पेटी जळगावच्या एसटीवर चढली, तेव्हा ती चढवायला तो गेला होता. पण ते पुढचं. त्या सकाळी त्याने दोरा सोडवला, एकदा खिंड असेल तिकडे बघितलं आणि पहिला घड कापायला घेतला.