फॉर्मवर नसलेली कौसाबाई

कौसाबाई टेबलाचा कोपरा धरून उभ्या होत्या. त्यांना बसताही येईना. "कंबर कधीपासून दुखतेय?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. लई कळ मारती."

मी अंबाजोगाईत फिजिओथेरपिस्ट आहे. कौसाबाईंना मी त्यांच्या नवऱ्यामुळे ओळखत होते. उसाची मोळी ट्रकमध्ये चढवताना भगवानराव फळीवरून पडले, खांदा निखळला. आमच्या संशोधनात ते पेशंट होते. अशा मजुरांना व्यायाम शिकवायचा आणि ते पुन्हा कामाला लागतात का ते पाहायचं, एवढाच आमचा अभ्यास. त्याला 'रिटर्न टू वर्क' म्हणतात. हंगामात ते कर्नाटकात असत, म्हणून आम्ही फोनवर विचारायचो. भगवानरावांच्या नावापुढे 'होय' अशी टिक होती.

"भगवानराव तर कामावर होते ना?"

"ते कोपीवर, पाचटाच्या झोपडीतच बसून असायचे. हातच वर जाईना. तोडायचं मी, मोळ्या बांधायच्या मी, गाडी बी मीच भरायची."

"मग फोनवर का नाही सांगितलं?"

"कावून सांगायचं? काम चालू हाय का, इचारलं तुमी. कोयता चालूच हुता की."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. मी याच जिल्ह्यात वाढले. हे मला कळायला हवं होतं.

चार दिवसांनी रिपोर्ट जायचा होता. त्यावर दुसऱ्या टप्प्याचं फंडिंग अवलंबून होतं, आणि त्या फंडिंगवर शबानाची नोकरी. शबाना आमची रिसर्च असिस्टंट. वडिलांचा फळांचा गाडा, घरातली पहिली पदवीधर. प्रोजेक्ट चालू राहिला तरच तिची पीएचडी होणार होती.

मी प्रोजेक्टच्या प्रमुख सरांकडे गेले. सर म्हणाले, "फॉर्ममध्ये जे विचारलं त्याचं उत्तर आलंय. तेच पाठवा. कशाला खाजवून खरूज काढता?"

खरं सांगते, मला ते पटायला लागलं होतं. शबानाचा चेहरा डोळ्यांसमोर होता.

पण कौसाबाईंचं बोलणं तिनंही ऐकलं होतं. माझ्या आधीच तिनं यादी काढून सगळ्यांना पुन्हा फोन लावले होते. या वेळी एकच प्रश्न: ऊस कोण तोडत होतं? संध्याकाळी कागद माझ्यासमोर ठेवला. निम्म्याहून जास्त 'होय' खोडलेले.

"शबाना, याचा अर्थ कळतोय ना तुला?"

"कळतो, मॅडम. आधीचे फोनही मीच केलते. खोडायचं पण मीच."

ती रडली नाही. मी रडले, ती गेल्यावर.

खोडलेले आकडेच रिपोर्टमध्ये पाठवले. दुसरा टप्पा नामंजूर झाला. बायकांच्या दुखण्यावर नवा प्रस्ताव पाठवला. 'आमच्या प्राधान्यक्रमात बसत नाही,' असं उत्तर आलं. शबाना आता बीडला एका दवाखान्यात केसपेपर काढते. पीएचडीचा विषय मी काढत नाही, तीही काढत नाही.

कौसाबाईंच्या मणक्यातली गादी सरकली होती. मी विश्रांती सांगितली. दसऱ्यानंतर त्या पुन्हा तोडीला गेल्या. न राहवून मी फोन केला. भगवानरावांनी उचलला.

"कोयता चालू हाय, मॅडम."

"ऊस कोण तोडतंय?"

त्यांनी फोन ठेवला.

प्रश्न नीट कसा विचारायचा, ते मी या प्रोजेक्टमध्ये शिकले. उत्तर मिळाल्यावर करायचं काय, यासाठी अजून कुणी फंडिंग दिलेलं नाही.