चिनी ग्रंथाची गाठ मी सोडलेली नाही

"जीजाजींनी चिनी ग्रंथ पोथीसारखा मांडीवर घेतला, गाठ सोडली आणि पानं सुटी करून वाचायला बसले. ग्रंथपाल बाई अशा किंचाळल्या की बस!"

माझे मेहुणे माझी ही कथा आमच्या सीपरी बाज़ारातल्या प्रत्येक मुंजीत सांगतात. लोक हसतात, कारण आमचे घराणे पुजाऱ्यांचे. सुट्या पानांच्या पोथ्या सोडण्या-बांधण्यातच आमच्या पिढ्या गेल्या.

हसण्याला माझी हरकत नव्हती. पण पुढच्या आठवड्यात माझी नात संशोधनासाठी दिल्लीच्या ज्या विद्यापीठात हे घडले म्हणतात, त्याच्याच ग्रंथालयात, त्याच पूर्व आशियाई विभागात निघाली आहे. मी परिचयपत्र लिहायला बसलो, तर म्हणते, "आजोबा, चिट्ठी रहने दो ना. तुमचं नाव ऐकून ते मला पुस्तकच नाही देणार." तेव्हा हे प्रकरण निकाली काढणे भाग आहे.

निवृत्तीनंतर मी चिनी शिकलो. कारण ज्या संस्कृत ग्रंथावर मी आयुष्यभर व्याख्याने झोडली, त्याचे मूळ हरवले असून फक्त चिनी भाषांतर उरले आहे. ते वाचायला मी दिल्लीच्या त्या ग्रंथालयात गेलो; मेहुणे सोबत आले ते तिथल्या पराठ्यांसाठी. वाचनकक्षाबाहेर पिशवी, पेन आणि तोंडातला गुटखा ठेवून यावे लागते. शेवटच्या वस्तूचा वियोग मेहुण्यांना सोसवेना, म्हणून ते काचेपलीकडच्या बाकावर बसले. माझ्यापुढे आलेले पातळ खंड निळ्या कापडी वेष्टनात होते आणि वेष्टनाला हाडाच्या दोन खुंट्या होत्या. त्या मी फाशातून काढल्या. काचेआडून त्यांना दिसले ते एवढेच.

दोन गोष्टी कबूल करतो. पहिला खंड मी आधी कपाळाला लावला आणि मग उलट्या बाजूने उघडला. ग्रंथपाल बाई हळूच म्हणाल्या, "सर, यह मंदिर नहीं है." आणि खंड फिरवून माझ्यासमोर नीट ठेवला. किंचाळणे नाही, काही नाही. संध्याकाळपर्यंत उरलेले खंडही त्यांनीच आणून दिले.

हे सारे मी मेहुण्यांना चारचौघांत ऐकवले. त्यावर गृहस्थ म्हणतात, "पर जीजाजी, गाठ सोडताना तर मी माझ्या डोळ्यांनी बघितलं!"

कोणती गाठ? जुना चिनी ग्रंथ शिवून झाला की दोऱ्याची गाठ कण्याच्या आत, पानांमध्ये दडवून टाकतात. बाहेरून सोडता येईल अशी गाठ त्याला नसतेच.