उलटा लावलेला कांदा

दोस्तांनो, आज लई माती खाल्ली मी.

इंटरनॅशनल स्कूलची पोरं राहू गावात आमच्या आप्पांच्या रानात कांदा लावू लागायला आली व्हती. शिकवायला मी. एका पोरीनं इचारलं, "दादा, मुळं कुठल्या बाजूला?"

म्हणलं, "वर. हवा लागती त्यांला."

तिनं आख्खा वाफा उलटा लावला, तोबी एकदम लाईनीत. मी हसून लोळलो.

तेवढ्यात मॅडम सगळ्यांम्होरं तिच्यावर खेकसल्या, "लक्ष कुठं असतं तुझं?" तिनं फकस्त माझ्याकडं बघितलं, माझं नाव घेतलं न्हाई. आन् मी गप बसलो.

आप्पांनी वळखलं. "तूच सरळ कर आता."

बस गेल्यावर वाफा सरळ केला. उद्या शाळेत फोन करून खरं सांगितलं, तर ते तिच्यापत्तुर पोचंल का?