प्लॉट नंबर एकचा गझिबो

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. वर्कशॉपच्या फळीवर उरलेले डबे साठतात तसे ते आपोआप साठतात. तळाला दोन बोटं पॉलिश उरलेलं असतं, ते वापरता येत नाही आणि टाकवतही नाही. सातपूरला माझं लाकडाला पॉलिश करायचं छोटंसं वर्कशॉप आहे. माणसं दोनच, मी आणि दगूभाऊ. दगूभाऊ मूळचे सटाण्याचे, तीस वर्षं याच कामात. लाकडातलं त्यांना जेवढं कळतं तेवढं मला या जन्मी कळणार नाही. आणि ज्यांना त्यातलं काही म्हणजे काहीच कळत नाही, अशी माणसं हल्ली फार्महाउस घेतात.

गंगापूर धरणाच्या बाजूला बारा प्लॉटची एक स्कीम झाली. प्रत्येकाला बंगला, बंगल्यापुढे लॉन आणि लॉनच्या मधोमध लाकडी गझिबो. गझिबो म्हणजे चार खांब, वर छप्पर आणि खाली बसायला बाक. पुण्याच्या आर्किटेक्ट मॅडमनी सांगितलं, "प्लॉट नंबर एकचं पॉलिश सँपल म्हणून करा. एक पावसाळा नीट काढला तर बाकीचे अकरा तुमचेच."

तेव्हा लोक रेडीमेड फर्निचर घ्यायला लागल्यामुळे आमचं काम जवळपास बंद पडलं होतं. हे अकरा मिळाले नसते तर मी शटर ओढणार होतो, आणि दगूभाऊ छप्पन्नाव्या वर्षी सटाण्याला कांद्याच्या खळ्यावर जाणार होते. त्यांनी तसं घरी सांगूनही ठेवलं होतं. मला त्याची लाज वाटत होती, म्हणून पुढचं सगळं मी सहन केलं.

*

पहिल्याच मीटिंगला मॅडमनी मोबाइलवर फोटो दाखवला. "मला एक्झॅक्टली असा ग्लॉस हवाय. ग्लास फिनिश."

मी समजावलं, की चकचकीत थर घरातल्या कपाटाला ठीक. बाहेर तो उन्हानं तडकतो, पापुद्रे निघतात, मग आत पाणी शिरतं. बाहेरच्या लाकडाला आत मुरणारं तेलच लागतं.

"पण यांचं टिकलंय ना," मॅडम म्हणाल्या.

दगूभाऊंनी मोबाइल हातात घेतला. फोटोत गझिबोच्या मागे डोंगरभर बर्फ होता. त्यांनी तो नीट पाहिला आणि आपल्या अहिराणीत शांतपणे विचारलं, "यामा ऊन कोठे शे?"

मॅडमनी क्षणभर विचार केला. "बरोबर आहे. मग आपण वॉर्म लाइट्स लावू."

*

पाइनचं लाकूड आलं ते ओलं. दगूभाऊंनी ते सावलीत पट्ट्यांवर रचून ठेवलं आणि तीन आठवडे हात लावायचा नाही म्हणाले. प्लॉटचे मालक साहेब, रिटायर्ड प्रॉडक्शन मॅनेजर. ते रोज संध्याकाळी घड्याळ बघत येऊन उभे राहायचे.

"आमच्या प्लँटमध्ये पेंट वीस मिनिटांत वाळायचा," एक दिवस म्हणाले.

"साहेब, तो पत्रा व्हता," दगूभाऊ म्हणाले.

साहेबांनी मान हलवली, म्हणजे पटलं असावं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी लाकडासमोर तीन टेबल फॅन लावलेले होते.

*

खांब उभे करण्याआधी दगूभाऊ ते आडवे पाडून त्यांच्या तळाला तेल पाजत बसले. जिथे लाकूड कापलेलं असतं तिथूनच ते पाणी ओढतं, म्हणून तळाला तीन हात. मॅडमना हे बघवेना. "तिथे कोण बघणारे?"

"पानी देखस," दगूभाऊ म्हणाले, आणि चौथा हात मारला.

*

तेल अजून मुरत होतं तेवढ्यात वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या मिसेसनी, वास्तुशांत काढली. आम्ही चार दिवस थांबा म्हणून सांगितलं होतं. मुहूर्त थांबत नाही, असं उत्तर मिळालं. पाच सुवासिनींनी चारही खांबांना हळदीकुंकवाची बोटं ओढली. ओल्या तेलातून हळद लाकडात अशी उतरली, की फडक्यानं निघेना. एक अख्खा दिवस आम्ही पॉलिश पेपरनं घासत बसलो. वहिनी चहा घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या.

"अहो, शुभ असतं ते. पुसताय कशाला?"

असं म्हणून त्या आत गेल्या आणि करंडा घेऊन आल्या. हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा दगूभाऊंनी घासणं सोडलं आणि हळदीचा रंग पॉलिशचाच धरला.

*

मग साहेबांनी लॉनला स्प्रिंकलर बसवले. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास पाण्याचा फवारा थेट खांबांवर. मी हात जोडून म्हणालो, "साहेब, त्यांची तोंडं तेवढी फिरवा. लाकूड सडेल."

"झाड होतं तेव्हा पाणी पीतच होतं की," साहेब म्हणाले. माणूस पस्तीस वर्षं कारखाना चालवून आलेला.

"मंग खतबी टाका साहेब," दगूभाऊ म्हणाले.

साहेबांनी कुठलं ते विचारलं.

*

पावसाळा आला, आणि आमचं सगळं भवितव्य ज्यावर होतं तो गझिबो साहेबांनी सुरक्षित केला. म्हणजे शेततळ्याला घालतात तो प्लास्टिकचा जाड काळा कागद आणला आणि चारी बाजूंनी गुंडाळून दोरीनं आवळला. चार महिने आत हवेचा कण नाही. आम्हाला कळवलंदेखील नाही. दसऱ्यानंतर कागद सोडला तेव्हा आतून उग्र वास आला. खांब, बाक, छप्पर, सगळीकडे पांढरी-काळी बुरशी.

"एवढं जपूनसुद्धा असं?" साहेब आम्हालाच म्हणाले. "तुमच्या कामात दम नाही."

रविवारी मॅडम सँपल बघायला येणार होत्या, सोबत बाकीचे अकरा मालक. हातात तीन दिवस. दगूभाऊ नुसता खांबावरून अंगठा फिरवत राहिले. त्यांचा तो अंगठा बघून मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

कुंपणापलीकडे आप्पा नावाच्या शेतकऱ्याची द्राक्षबाग. ते छाटणीनंतरच्या फवारणीवर होते. ट्रॅक्टर थांबवून आले, बुरशी बोटावर घेतली, वास घेतला आणि निदान केलं. "डाऊनी हाय."

"आप्पा, हे लाकूड आहे, द्राक्ष नाही."

"बुरशी ती बुरशी. लय नका घाबरू."

आम्ही घासायचं मशीन आणायला सातपूरला गेलो. परत आलो तर लॉनवर आप्पांचा ट्रॅक्टर उभा, मागे बागेत फवारणी करायचा ब्लोअर. मोरचूद आणि चुना कालवलेलं औषध त्यांनी गझिबोवर आतून-बाहेरून मारलं होतं. गझिबो निळा. बाक निळे, लॉन निळं, खुर्ची टाकून देखरेख करणाऱ्या साहेबांचा पांढरा कुर्ता निळा. बुरशी मात्र गेली होती.

घासून तो रंग निघेना. रविवार उजाडला. मॅडम गाडीतून उतरल्या, गझिबोभोवती दोन चकरा मारल्या. अकरा मालक मागे उभे. मी मनात वर्कशॉपचं कुलूप शोधत होतो.

"हा शेड कॅटलॉगमध्ये नव्हता," मॅडम म्हणाल्या. मग डोळे बारीक करून, "हे किती मेडिटरेनियन आहे! सगळ्यांना हाच करा."

अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या आणि आळीपाळीनं आत बसून फोटो काढले.

"याचा मेंटेनन्स काय?" मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आप्पा कुंपणावरून बोलले. "दर आठ दिवसांनी एक फवारा. पाऊस झाला तर त्याच दिवशी."

मॅडमनी ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मी दगूभाऊंकडे बघितलं. त्यांनी तेलाच्या डब्याचं झाकण ठोकून बसवलं, पॉलिश पेपर पिशवीत घातला आणि कुंपणापाशी गेले.

"आप्पा, सोमवारी ब्लोअर मोकळा शे का?"