आपांचा भरवसा

आपांच्या कुडत्याची एक बाही नेहमी दुसरीपेक्षा लांब असायची. कधी गळा तिरका, कधी खालची शिवण वर चढलेली. बीडच्या एसटी स्टँडवर बायका त्यांच्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसत. आपा खेड्यापाड्यांतून शिवणकाम शिकवायच्या. शिकायला बसलेल्या प्रत्येक बाईकडून पहिला कुडता त्या स्वतःच्या मापाचा शिवून घ्यायच्या आणि तो जसा होईल तसा अंगात घालून चारचौघांत फिरायच्या. माझ्या आईनं शिवलेला कुडता तर इतका फसला होता की तो घातल्यावर आपांना डावा हात वर करता येत नसे. त्या नेमका तोच घालून तालुक्याच्या बैठकीला गेल्या.

आई लाजून म्हणाली, "कावून घातला ओ आपा? लोक काय म्हनले आसतील?"

"इचारलं ना एका साहेबानं. म्हनलं, आमच्या सुमननं शिवलाय. पुढच्या टायमाला बघा म्हनलं तिचा हात."

आमचं गाव शिरूर कासारच्या पलीकडे, माळावर. दिवाळी उरकली की निम्मं गाव ऊसतोडीला निघून जातं. माझे वडील तोडीवरच, साखर कारखान्याजवळच्या कोपीत, पाचटाच्या खोपटात, तापानं गेले. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, तिलाच एक कोयता म्हणतात. एकट्या बाईला मुकादम धरत नाही. म्हणून वडील गेल्यावर आई तिच्या भावाबरोबर अर्धा कोयता होऊन जायची आणि मी शेजारच्या काकूंकडे राहायचे. उरलेले महिने आईच्या मजुरीवर आणि निराधारच्या पगारावर निघायचे. सरकार विधवांना जे पैसे देतं त्याला आमच्याकडे पगारच म्हणतात. तो कधी वेळेवर यायचा, कधी यायचाच नाही, पण दुकानदार त्याच्या भरवशावर तेल-मीठ द्यायचा.

आपा आल्या त्या एका संस्थेकडून. पगारावर जगणाऱ्या बायकांना त्यांच्या पायांवर उभं करायचं, असं त्या संस्थेचं काम होतं. समाजमंदिरात शिलाई मशिनी आल्या, त्यांच्यामागून आपा आल्या. बीडमध्ये त्यांच्या वडिलांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नानंतर वर्षभरात नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं, तेव्हापासून त्या वडिलांच्या दुकानामागच्या खोलीत शिलाई करून जगल्या होत्या. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, आता कापड कापायला शिकवतील. आपांनी पर्समधून पाना आणि पेचकस काढला, जमिनीवर चादर अंथरली आणि एक कोरी करकरीत मशीन खिळान्‌खिळा सुटी करून त्यावर मांडून ठेवली. बायका धसकल्या. एक म्हणाली, "आगं बया, मोडली की वं!"

"मोडली न्हाई, खोलली," आपा म्हणाल्या. "आता तुमी जोडायची. मशीन देनारे लई भेटतील. बिघडल्यावर येनारं कोनी भेटत न्हाई."

ती मशीन जोडायला बायकांना दोन आठवडे लागले. संस्थेच्या साहेबांना हा वेळेचा अपव्यय वाटला. पण पुढे आईला मशिनीच्या आवाजावरून कळायचं, कुठं तेल हवंय आणि कुठं दोरा अडकतोय. शेजारच्या गावाहून तिला बोलावणं यायचं. आई मशीन दुरुस्त करायला निघाली की तिच्या चालण्यात एक निराळाच ठसका असायचा. तशी चालताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

'बिचारी' हा शब्द आपांसमोर काढायची सोय नव्हती. एकदा सरपंचांची बायको पाहुण्यांना घेऊन समाजमंदिरात आली आणि आईकडे बोट करून म्हणाली, "ही बिचारी सुमन. नवरा वारला हिचा." आपांनी मशीन थांबवली. म्हणाल्या, "भाभी, नवरा वारला म्हनून ती विधवा हाय. बिचारी तुमी केली." सरपंचीणबाई परत कधी तिकडे फिरकल्या नाहीत. त्याचा फटका पुढे बसलाच, पण त्या दिवशी बायका पोट धरून हसल्या होत्या.

लोकांना वाटेल, अशा बाईला सरकारी पगाराचा तिटकारा असेल. तसं मुळीच नव्हतं. साहेब शहरातून यायचे, स्वच्छ माणूस, बोलणंही गोड. त्यांचं म्हणणं असं की फुकटचा पैसा माणसाला आळशी करतो, तो बंद झाल्याशिवाय बाया मनापासून काम करणार नाहीत. आपा त्यांना तोंडावर सांगायच्या, "साहेब, उपाशी बाईला सुईत दोरा ववता येत न्हाई. हात कापतो. आधी पोटाला आधार राहू द्या. काम जमलं की ती आपसूक म्हनंल, नको तुमचा पगार." साहेब हसून मान डोलवायचे. त्यांच्या मान डोलवण्याचा अर्थ आम्हाला फार उशिरा कळला.

मधली दोन वर्षं चांगली गेली. आसपासच्या शाळांच्या गणवेशाचं काम बायकांना मिळालं. निळ्या-पांढऱ्या कापडाचे गठ्ठे समाजमंदिरात आले आणि दिवसभर मशिनींची घरघर गावात ऐकू येऊ लागली. त्या दिवाळीनंतर मामा त्याच्या मेव्हण्याबरोबर तोडीला गेला. आई घरी राहिली. हिवाळ्यात शाळेतून आल्यावर घर उघडं असणं म्हणजे काय, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. चुलीवर बाजरीची भाकरी टम्म फुगायची आणि आई म्हणायची, "खा गरम गरम." एवढंच. पण ते ऐकायला मी आधी किती हिवाळे थांबले होते.

मग साहेबांच्या डोक्यात मेळावा आला. पाटोद्याला मोठा मांडव घालायचा, भागातले पुढारी येणार, आणि त्यांच्यासमोर आमच्या बायकांनी निराधारचा पगार आपणहून सोडायचा. फलकावर मोठ्या अक्षरांत 'अनुदानमुक्त महिला' असं लिहायचं. आपांनी साफ नकार दिला. बायका अजून एकाच कामावर उभ्या आहेत, ते काम गेलं तर खाली काही नाही, असं त्या म्हणाल्या. साहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी पुढाऱ्यांना बोलावून भरल्या बैठकीत आपांसमोर बसवलं आणि पुढाऱ्यांनी शब्द दिला की सबंध तालुक्याच्या गणवेशाचं काम यापुढे याच बायकांना मिळेल.

आपा घरोघर आल्या. आमच्या ओट्यावर बसून आईला म्हणाल्या, "सुमन, माझं मन धड हो म्हनत न्हाई, धड न्हाई म्हनत न्हाई. पन सगळ्या तालुक्याचं काम हाय. एवढ्या लोकांम्होरं शब्द दिलाय त्यांनी."

आईनं विचारलं, "तुमाला भरवसा हाय का?"

आपा म्हणाल्या, "हाय."

"मग मला इचारू नका. कुठं अंगठा करायचा ते सांगा," आई म्हणाली. खरं तर तिला सही येत होती. आपांनीच शिकवली होती.

मेळावा थाटात झाला. हार, फेटे, भाषणं. आईला मंचावर मशिनीपुढे बसवून फोटो काढला. पुढाऱ्यांनी माइकवरून सांगितलं की या भगिनींनी सरकारचा भार हलका केला. टाळ्या पडल्या. मीसुद्धा जोरजोरात वाजवल्या.

जूनमध्ये शाळा उघडल्या आणि गणवेश तयारच आले, प्लास्टिकच्या पिशव्यांत, बाहेरच्या कुठल्याशा कारखान्यातून. ठेका पुढाऱ्यांच्या भाच्याला मिळाला होता. आपा साहेबांकडे धावल्या. साहेब म्हणाले, धोरण वरून बदललं, आपल्या हातात काही नाही. शिवाय प्रकल्पाची मुदत संपली आहे, निकाल उत्तम आहे. पुढाऱ्यांच्या वाड्यावर आपांना दारातूनच परत पाठवलं. समाजमंदिराची किल्ली सरपंचांकडे होती. सरपंचीणबाईंनी ती ठेवून घेतली, आणि मशिनी आत कुलपात राहिल्या.

आपांनी संस्थेची नोकरी सोडली आणि बायकांचा पगार पुन्हा चालू करून घ्यायला कचेरीच्या पायऱ्या धरल्या. स्वतःच्या खर्चानं यायच्या, बायकांना बरोबर घ्यायच्या. तिथला कारकून म्हणायचा, "या तर स्वावलंबी झाल्यात. आपणहून सोडलाय त्यांनी." हे काही तो मनचं बोलत नव्हता. त्याच्या मागच्या भिंतीवर मेळाव्याचं पोस्टर लावलेलं होतं आणि त्यावर आई मशिनीपुढे बसून हसत होती.

दिवाळीपर्यंत काही झालं नाही. दुकानदारानं तेल-मीठ बंद केलं. आईनं कोयता काढला, मामानं मुकादमाशी बोलणं केलं, आणि ती पुन्हा तोडीला गेली. दोन हंगाम तिचा हात त्या कामातून सुटलेला होता. दुसऱ्याच महिन्यात, दवानं ओला झालेला ऊस सवळताना, त्याचं पाचट काढताना, कोयता निसटला. डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि अंगठा कायमचा आखडला.

आई परत आल्याचं कळताच आपा आल्या. आई ओट्यावर बसली होती, हाताला फडकं गुंडाळलेलं. आपा समोर जमिनीवर बसल्या. मी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"सुमन, बोल ना माझ्याशी," त्या म्हणाल्या. "शिव्या दे."

आई म्हणाली, "मशीन खोलून परत जोडायला शिकवलं तुमी. हे जोडायला शिकवा."

आपा उठल्या. त्यांनी घागर घेतली, हापशावरून पाणी आणलं, रांजण भरला. चुलीपुढची भांडी घासली. आईनं त्यांना अडवलं नाही आणि त्यांच्याकडे पाहिलंही नाही. संध्याकाळची गाडी गाठायला त्या निघाल्या, तेव्हा मी फाट्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. वाटेत त्या म्हणाल्या, "त्यांनी फसवलं त्याचं मला काय वाटत न्हाई बेटा. त्यांचा धंदाच हाय तो. तुझ्या आईनं त्यांच्यावर कवा भरवसा ठेवला व्हता? तिनं माझ्यावर ठेवला."

बाकीच्या बायकाही त्यांच्यावर तुटून पडल्या. एक तर भर बाजारात म्हणाली की आपांनी त्या लोकांकडून काहीतरी घेतलं असणार. आपांनी तेही ऐकून घेतलं. तरी त्यांचं कचेरीत जाणं थांबलं नाही. दीड वर्षानं निम्म्या बायकांचा पगार पुन्हा सुरू झाला, त्यात आईचाही. साहेब तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. तिकडे ते आमच्या गावाचा दाखला भाषणात देतात, असं कोणीतरी सांगितलं.

आईनं पगार घेतला. आपांचं नाव मात्र घेतलं नाही. मी त्यांचा विषय काढला की ती उठून आत जायची.

मी नर्सिंग शिकून बीडला एका दवाखान्यात लागले, तेव्हा आपा एका कापडदुकानाच्या पायऱ्यांवर बसून गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करून द्यायच्या. मी जाता-येता थांबायचे. त्या पहिलं विचारायच्या, "सुमनचा हात कसाय? थंडीत दुखतो का?" शिकवण्याचं काम पुन्हा धरा, असं मी एकदा म्हटलं. त्या दातानं दोरा तोडून म्हणाल्या, "शिकवीन. पन भरवसा ठेवा म्हनायला लागतं बेटा त्यात. ते आता तोंडातून निघत न्हाई." त्यांना साखरेचा आजार होता आणि त्या औषधं वेळेवर घेत नव्हत्या. मी रागवायचे, त्या हसायच्या. गेल्या पावसाळ्यात पायाची जखम चिघळली, ती भरलीच नाही. माझ्याच दवाखान्यात त्या वारल्या.

मी आईला फोन केला. ती फोन तसाच धरून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती बीडला आली. स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, "घर कुठंय त्यांचं?"

दुरुस्तीच्या दुकानामागची ती गल्ली मला ठाऊक होती. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. आई उंबऱ्याशीच अडखळली. पदर डोक्यावर घेऊन, आखडलेला हात त्यात लपवून उभी राहिली. आपांच्या भावजयीनं तिला ओळखलं नाही. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तुमी कोन?"

आई म्हणाली, "मी सुमन. मी त्यांच्यावर रागावलेली हाय."

भावजयींनी सरकून सतरंजीवर जागा केली. आई त्या जागेवर बसली आणि दुपार कलेपर्यंत तिथून हलली नाही.